अंश गुणिले दिवस

सात नंबरच्या पिंजऱ्यावर लाल पाटी आहे.
पाटीवर मीच लिहिलंय: औषध दिलेलं आहे, मासे काढू नयेत.
खाली सही, एडेल्मिरा चिगुआय, नोंदणी.
अक्षर वाऱ्यात लिहिल्यासारखं,
कारण चिलोएत वाऱ्याशिवाय काहीच लिहिता येत नाही.

औषधी खाद्याची पोती संपली त्याला बावीस दिवस झाले.
पण मासा दिवस मोजत नाही.
त्याचं रक्त पाण्याइतकंच गार.
पाणी जरा निवळलं, उबेला आलं, की यकृत भराभर उरकतं,
गारठलं की म्हाताऱ्यासारखं,
पायरी-पायरीवर थांबत.
म्हणून डॉक्टर यांकापान बाईंनी चिठ्ठीवर दिवस लिहिले नाहीत.
लिहिलं, अडीचशे. अंश गुणिले दिवस.
रोज सकाळी आठला मी थर्मामीटर पाच मीटर खाली सोडते
आणि समुद्र जे सांगेल ते कालच्या बेरजेत मिळवते.

काल संध्याकाळपर्यंत दोनशे एकतीस.

आज पहाटे बोट आली, मासे न्यायला, दोन दिवस आधीच.
एलियासारने नोंदवही माझ्या हातातून घेतली,
मोबाइलवर हिशेब केला, म्हणाला,
एकोणीस दिवस, प्रत्येकात एकेक अंश वाढव.
एकच अंश, बाई. अंगाला तरी कळतो का?
मी म्हटलं, अंगाला नाही कळत.
आणि वही परत घेतली.

पूर्वी चिठ्ठीबिठ्ठी नव्हती.
एक मासा तिरका पोहताना दिसला
की सगळ्या पिंजऱ्यांत पोती फोडायचे,
उद्या आजारी पडतील म्हणून आजच.
पाणबुडे तरीही रोज सकाळी जाळीभर मेलेले वर आणायचे,
अंगावर जखमा, डोळे उघडे.
मी तेव्हा मेलेले मोजायचे.
ह्या खेपेला औषध दिलं नसतं तर पुन्हा तेच मोजत बसले असते.
औषधाचा मला राग नाही.
राग आहे तो मापावाचून ओतणाऱ्या हातांचा,
त्यांत एके काळी माझेही दोन होते.

ओहोटीच्या वाटेवर, अर्ध्या मैलावर, माझ्या बापाचे दोर आहेत.
दोरांना शिंपले लगडलेले, काळे, गच्च मिटलेले.
शिंपल्याला कोणी चिठ्ठी लिहून देत नाही.
जे पाणी येईल ते तो आत घेतो, गाळतो, सोडतो,
शेजाऱ्याचं काय सांडलं ते विचारत नाही.
बाप, बेलार्मिनो, तोही विचारत नाही.
फक्त औषधाच्या दिवसांत मी घरामागच्या दोरीवर
पिवळा टॉवेल वाळत घालते.
टॉवेल दिसला की तो दोर ओढत नाही,
स्टोव्हमध्ये लाकडं सारत म्हणतो, आज पाठ धरलीय.
हे वहीत कुठे लिहायचं, त्याला रकाना नाही.

आज साडेनऊ. बेरीज दोनशे साडेचाळीस.
बोटीवरची माणसं पत्ते खेळली,
बटाटे भाजले, मला शिव्या दिल्या, मग एक बटाटाही दिला.

उद्याचं पान उलटलं तेव्हा
थर्मामीटर दोनदा सोडला. नऊ पूर्णांक चार.
दोनशे एकोणपन्नास पूर्णांक नऊ.

एक दशांश!
एलियासार माझ्याकडे बघत राहिला.
मला वाटलं आता वही समुद्रात जाणार.
कोणी काही बोललं नाही. जाळीवर एक बगळा बसला होता,
तोही काही बोलला नाही.
मग एलियासार आत गेला, उकळती किटली घेऊन बाहेर आला,
पिंजऱ्यापासून लांब, जिथे मासे नाहीत त्या बाजूला वाकला,
आणि सगळं पाणी समुद्रात ओतलं.

हा घे, म्हणाला, तुझा दशांश.