बारावी खुर्ची

पाद्री आलाच नाही.
घाटात दरड उतरली,
त्याची जीप पलीकडेच अडकली,
आणि फोनवरून दिलेल्या आशीर्वादातले
तीन शब्द सोडून बाकी वाऱ्यानं नेले.

तुशेतीतलं कुरण, सप्टेंबर संपत आलेला.
मेंढ्या खाली निघाल्यात,
बर्फ रस्ता बंद करील,
आता नाही तर थेट जूनमध्ये.
नातेला म्हणाली, मी थांबेन हो जूनपर्यंत,
पोट थांबणार नाही.
तिची आई हसली. डोळे पुसले. पुन्हा हसली.

आम्ही अकरा, खुर्च्या बारा,
घोड्यावर लादून आणलेल्या;
एकीचा पाय वाटेत निखळला, त्या जागी दगड.
पाद्र्याच्या खुर्चीवर बाद्रीचा कुत्रा चढून बसला,
कान कापलेला, लांडग्यांशी भांडलेला,
इतका गंभीर
की कुणी उठवलं नाही.

मग इमेदाकाका उभा राहिला.
एके काळी त्याच्या बोलण्याशिवाय या खोऱ्यात
लग्नाचा प्याला उचलला जात नसे.
झटका आल्यापासून जीभ वळत नाही.
वाइननं भरलेलं शिंग हातात,
ओठ हलताहेत, शब्द नाही.
किती वेळ. खाचापुरी गार झाली.
शेवटी त्यानं शिंग नुसतंच उंचावलं,
आधी डोंगराकडे,
मग नातेलाच्या पोटाकडे.

तो जे बोलला नाही
ते आम्ही तळापर्यंत प्यालो.
कुत्रा तेवढा भुंकला, एकदाच.
बाद्री म्हणाला, झालं.
लागलं लग्न.