इंजिनखोली

तेहतीस वर्षं मी फेरीबोटीच्या पोटात होतो.
चोडण ते रायबंदर, रायबंदर ते चोडण.
नदी पाहिली ती पाळी संपल्यावर.
एरवी नुसती वरची घंटा,
आणि तेलाचा वास, जो अजून उशीला येतो.

निवृत्त झालो त्या वर्षी, चवथ उलटल्यावर,
एफिजिनियाने कुंपणावरून हाक मारली:
"बोस्त्यांवची पेटी आहे. भंगारात घालू की तुला देऊ?"
पेटीत चौऱ्याऐंशी व्हिडिओ कॅसेट,
प्रत्येकीवर त्याच्या गिचमिड अक्षरात एक बंदर, एक तारीख.
मोंबासा. रॉटरडॅम. पुन्हा मोंबासा.
तारवटी माणूस. दहा महिने समुद्रावर,
आणि फावल्या वेळात बघायचा काय, तर जहाजच.
आकाशातलं.

म्हापशाच्या एका पोराने मशीन चालू करून दिलं.
पैसे घेतले नाहीत.

पहिल्या रात्री मी हसलो.
भिंती पुठ्ठ्याच्या, दार आपटलं की हलतात.
परका ग्रह म्हणजे आमच्या डिचोलीची खाण.
राक्षसाच्या पाठीला चेन, सरळ दिसते.
कप्तानीणबाईंसमोरच्या त्या चकचकीत यंत्राची बटणं
शपथेवर सांगतो, गॅसच्या शेगडीची.
इंग्रजी निम्मं डोक्यावरून.

पण तिसऱ्या भागात जहाज बंद पडलं
आणि खालून एक माणूस आला, हाताला काळं.
म्हणाला, दोन तास लागतील.
वरून हुकूम: अर्धा.
तो काही बोलला नाही. पाना उचलला.
मी खुर्ची पुढे ओढली.

सव्वीस वर्षं चालली म्हणे ही मालिका.
कप्तान तीन झाले, तह झाले, मोडले,
आणि तो आपला खाली पांढरा होत गेला
कॅसेटमागून कॅसेट. पाना तोच.
काहींना बुरशी. तिथे पडद्यावर नुसत्या मुंग्या.
मुंग्यांतून बाहेर आलो की कुणीतरी मेलेलं असायचं,
आणि कसं, ते सगळ्यांना ठाऊक, मला सोडून.

कॅसेट सत्तेचाळीस.
जहाज काळ्या सूर्याकडे ओढलं जातंय,
मोजणी चालू, सात, सहा, पाच,
आणि चरकन दुपार झाली.
बोस्त्यांवचं अंगण. क्रुसापुढे लादाईन, उकडलेले चणे.
चित्र हलतंय, कारण कॅमेरा धरणारा प्यालेला.
मागून एक काळ्याभोर केसांचा पोरगा
दोन्ही हातांत दोन-दोन खुर्च्या घेऊन जातो.
इकडे बघतसुद्धा नाही. पाळीला उशीर होत असणार.
हाताला काळं.

मग पुन्हा अवकाश. जहाज वाचलेलं.
कसं, ते दिसलंच नाही.

एकदा मागे नेऊन पाहिलं.
दुसऱ्यांदा नाही. फीत जुनी आहे.

काल खिडकीखालून एफिजिनिया म्हणाली, "आवाज वाढव.
बघायचं नाही मला. तो रजेवर आला की
मी मासळी साफ करायची आणि भिंतीतून हेच ऐकायची.
दारं अजून तशीच उघडतात? फुस्स करून?"
म्हटलं, तशीच.
"आणि तो खालचा माणूस? तो खोकतो ना,
काही उत्तर द्यायचं नसलं की?"

खोकला?
तेहतीस वर्षं इंजिनाला लागून बसलेले कान माझे.
मी पहिली कॅसेट परत लावली,
आवाज शेवटपर्यंत नेला,
आणि तिला विचारलं,
आला की सांग.