अंदाज

सरकीचा वास अजून जिनिंगच्या भिंतीला.
तिच्यावरच प्रोजेक्टर मारला,
सेन्सर जुन्या वजनकाट्यावर,
वीज शेजारच्या डीपीवरून.

रेवती नाचली. तिच्या टाचेमागून
उजेडाची वेल भिंतभर.
लोक बघत राहिले,
बैलबाजारात दात बघतात तसे.
‘या, तुम्हीही या,’ ती म्हणाली.
आधी एक कुत्रं गेलं.
त्याच्याही शेपटीला पानं फुटली.
हशा.

मग डोमाजी उठला.
उजव्या बाहीला कोपरापाशी गाठ.
हात इथल्याच रोलरनं घेतलेला,
एकोणीस वर्षं झाली.

आणि भिंतीवर दोन हात.

मी लॅपटॉपमागे थिजलो. प्रोग्रॅम
माणसाला दोन हात धरूनच चालतो,
नसला तर अंदाजानं काढतो.
बंद करायला बोट नेलं,

‘राऊ दे ना बे.’

त्यानं खांदा हलवला.
उजेडाची बोटं हलली.
पंचफुलाबाई पदर खोचत
भिंतीपाशी गेली,
त्या बोटांत आपली बोटं घालायला.

तिची सावली पडली. हात विझला.

‘सरक वं बाजूले,’ डोमाजी म्हणाला,
‘पायू दे.’