लाईन

समुद्रपूर रस्त्याला देवाजी चाफलेचं वेल्डिंगचं दुकान.
कटर जुनाच, नागपुरातून आणलेला.
तोंडातून निळा-पांढरा झोत सुटतो
आणि पत्रा पपईसारखा चिरत जातो.
मी काळा चष्मा लावून बघत बसते,
घरी परतल्यापासून दुसरं काम नाही.
"त्याच लायनीत शिकली नं तू?" देवाजी विचारतो,
"मंग सांग, हे आग बाहेर निंगली का रंग काऊन बदलवते?"

सांगायला गेलं तर असं:
आत कोंडलेलं आहे तोवर उतरंड सरळ,
खाली गर्दी, वर चार-दोन.
तोंडाबाहेर झोत पसरतो,
पसरता पसरता गार होतो, इतक्या घाईनं
की मोकळे इलेक्ट्रॉन मिळेल त्या अणूला बिलगतात,
आणि बिलगतात ते वरच्याच पायऱ्यांवर.
खालची पायरी भराभर रिकामी होते
नि वरचे अजून वाटेत.
तेवढ्या बोटभर अंतरात
उतरंड उलटी उभी राहते,
लहान बुडक्यावर.

तो "हूं" म्हणाला. नोझल बदललं.
मी सांगितलं नाही
की त्या उलट्या उतरंडीची एक रेषा
मी तीन वर्षं शोधली.
आलेखावर एकदाच उंचवटा आला, पुसट.
सर म्हणाले, नॉइज आहे.

रात्री नवालाच लाईन गेली.
भिंती दिवसभराचे सत्तेचाळीस अंश ओकत होत्या.
आम्ही चौदा जण स्लॅबवर,
सुकेशिनीचं तान्हं धरून पंधरा.
शेजारच्या स्लॅबवर चाफले, पलीकडे ठमके, मग शाळेचे पाहुणे.
खाली मांजर आणि मुका कूलर.
जमिनीवर गाव नव्हतंच,
सगळं होतं ते दहा फुटांवर,
कूस बदलत, डास मारत, न बोलता.

दीड वाजता टोकाच्या घरून
कुणा पोट्ट्याचा आवाज:
"लाईन आलीऽऽ!"

एवढंच.
मग एका स्लॅबवरून दुसऱ्यावर,
काखेत उशी, खांद्यावर पोर,
सगळ्या जिन्यांवर एकाच ठेक्यात चपला,
आणि खिडक्या
एकीमागून एक
त्याच पिवळ्या रंगाच्या.

पलीकडून देवाजी ओरडला,
"हेच का व ते?"

माझा पाय तिसऱ्या पायरीवर होता.
थांबून उत्तर द्यायला
मी आता वर नव्हते.