दोन मिनिटं

सांता फेच्या विधानभवनात
एलिसेओ बाकाला मिळतात दोन मिनिटं.
समोर छोटा दिवा, हिरवा.

तो कुलूपवाला. बावीस वर्षं
लोकांची अडलेली दारं उघडून देतोय.
मारिसोलचं नाव घेत नाही,
पिशवीतून कुलूप काढून टेबलावर ठेवतो.
"नऊ डॉलर," म्हणतो. "बसवायचे मी काही घेत नाही."

दिवा पिवळा.
कुणी घसा खाकरतं,
कुणी फोन पालथा घालतं.

"खणात पिस्तूल होतं. खणाला हे नव्हतं.
ज्याचा खण, तो मागे बसलाय,
शेवटच्या रांगेत.
गाडी आज त्यानंच चालवली.
तीन तास. दोघंही गप्प."

लाल.
सगळ्या माना मागे वळतात.

एलिसेओ उठतो.
कुलूप तिथंच,
किल्ली मात्र सवयीनं
खिशात गेलेली.