ठेवते आता

हॅलो, हो, येतंय ऐकू. बोल.
नाही, थांब, आधी माझं ऐक.

रात्री पुन्हा पडला.
किती म्हणून काय विचारतेस, लॉरेन,
अंगणातलं टेबल दिसत नाहीये.
त्याच्या जागी एक गोल पांढरा केक आहे
आणि त्यावर खार बसलीय,
तिचाच वाढदिवस असल्यासारखी.

साडेपाचला उठून वाट काढली, दारापासून रस्त्यापर्यंत.
फावडं टेकलं, कंबर सरळ केली, आणि तेवढ्यात
आला गावाचा ट्रक घरघरत, पुढे ते लोखंडी पातं,
नि वाटेच्या तोंडाशी रचून गेला ढीग, मांडीइतका.
ये रे माझ्या मागल्या.
तो काही भुसभुशीत बर्फ नसतो. विसरली असशील तू
तिथं ॲरिझोनात, लिंबाच्या झाडाखाली.
मीठ, खडी, चिखल, सगळं एकत्र मळलेलं,
तासाभरात सिमेंट.

मशीन आहे ना गॅरेजमध्ये. चालू कुठं होतंय.
आर्वो त्याला फिनिशमध्ये एक शिवी द्यायचा
आणि मग दोरी ओढायचा.
मी तीच शिवी दिली, दोनदा.
माझे उच्चार चुकत असणार.

तुझ्याकडे काय हवा?
स्वेटर काढून ठेवलास? छान.

इथं उणे अकरा. सरोवराकडून वारा,
नाकातले केससुद्धा कडक होतात.
अंडी महाग झालीत.
गुडघा बरा आहे, म्हणजे आहे तसाच आहे.
छपरावरचा बर्फ लांब दांड्यानं ओढून काढला.
शिडीवर नाही चढले.
दोन पायऱ्या. त्याला चढणं म्हणत नाहीत.

आणि हो, चर्चमध्ये सूपच्या जेवणाला
कुणीतरी माझे बूट घालून गेलं.
मी उरलेले घालून आले, अर्धा नंबर मोठे,
पण आतून लोकर आहे, काय सांगू तुला.
परत करीन की.
उन्हाळ्यात.

बरं, ठेवते आता, चुलीवर बटाटे आहेत.

टपालपेटी? सांगितलं नाही का?
परवा पडली. या हिवाळ्यात तिसऱ्यांदा.
ट्रकवर तो डेल असतो, हिल्मा राउटिओचा नातू.
तिसरीत माझ्याच वर्गात होता,
तेव्हाही ओळीच्या बाहेर रंग भरायचा.

तर काल, अंधार पडल्यावर, म्हणजे पाचच वाजता,
बाहेर उजेड हलताना दिसला.
बघते तर डेल, डोक्याला दिवा बांधून,
हातात पेटी, बगलेत दांडा.
जमीन तर एप्रिलपर्यंत दगड, खणणार कशी?
त्यानं दांडा उभा केला जुन्या बादलीत,
भोवती खडी भरली, वरून पाणी ओतलं
आणि आम्ही दोघं तिथं उभे राहिलो
ते गोठायची वाट बघत.
काय बोलायचं? मी विचारलं, आई कशी आहे.
तो म्हणाला, बरी.
त्यानं विचारलं, मशीन चालतं का.
मी म्हटलं, चालतं.

अगं, का म्हणजे काय. असंच.

मग म्हटलं, डेल, हे वितळल्यावर काय?
तर म्हणतो, वितळल्यावर मी ट्रकवर नसतो, मिसेस केटोला.

आज सकाळी मी खिडकीत होते.
ट्रक आला, पेटीपाशी अगदी हळू झाला,
तिला वळसा घातला, जपून, पाळण्याजवळून जावं तसा,
आणि वळसा घातला म्हणून
तो सगळा ढीग माझ्याच वाटेत.
मगाशी सांगितला तोच.

पेटी जरा वाकडी आहे. पण उभी आहे.
आत विजेचं बिल होतं
आणि बियाण्यांचं पुस्तक, मुखपृष्ठावर टोमॅटो,
इतका लाल की
मी हातमोजा काढून हात लावला.

बटाटे ना? लागले असतील. वास येतोय.
नाही, ठेवू नकोस गं,
थांब जरा,
पुन्हा पडायला लागला बघ.