उरेब

डॉक्टर तडवी निळ्या पेनाने
माझ्या मानेवर झेड काढतात,
त्याला चिकटून आणखी एक.
पेन थंड. बोटं त्याहून थंड.
"सरळ रेघ ओढून धरते, मावशी.
ती मोडून नागमोडी केली की ताण वाटला जातो,
मग नजर तिच्यावरून घसरते, अडकत नाही."

मी म्हणाले, म्हणजे उरेब.
त्यांना कळलं नाही.
मग मीच पदराचं टोक धरून दाखवलं:
उभ्या धाग्यावर ओढा, कापड हटून बसतं.
तिरपं धरा, कसं ऐकतं बघा.
छत्तीस वर्षं दादरला लाँड्रीच्या मागच्या टेबलावर
लोकांच्या पैठण्या, कोटांची कोपरं रफू केली.
भोक नाहीसं कधीच होत नाही, बाई.
फक्त ते कुठे होतं
हे गिऱ्हाइकाला सापडता कामा नये.

त्या हसल्या. कागदावर लिहीत गेल्या.
हनुवटीखाली जाड गाठ आहे
तिथे आधी इंजेक्शनं, महिन्याला एक, दुखतील.
कानामागचा पट्टा कापून पुन्हा शिवायचा.
गळ्याच्या खड्ड्यात पोटाची चरबी भरायची,
पोटाला तेवढंच काम.
उरलेलं खरडून सपाट.
"पूर्ण जाणार नाही हं. वर्षभर लाल दिसेल."

बाहेर परळच्या त्या बाकड्यावर
माझी नणंद शालन केसपेपर धरून बसलीये.
सकाळपासून तिसऱ्यांदा विचारून झालं:
अठ्ठावन्नाव्या वर्षी, वहिनी, कुणासाठी?

हा डाग माझं कधीच ऐकत नाही.
मी तोंड उघडायच्या आत तोच बोलतो.
लोकांना मान दिसायची,
मग मंगळसूत्र, मग शेजारी उभा असलेला मोरेश्वर.
आवाज खाली यायचा.
स्टोव्ह ना? सासरी?

पाक होता. साखरेचा.
फणसवाडीत, मामाच्या चिरोट्यांच्या कारखान्यात,
पंधराव्या वर्षी,
कढई उतरवताना फडकं निसटलं.
मोरेश्वर तेव्हा चिपळूणला
नववीत नापास होत होता.

तरी तो जन्मभर दुकानाबाहेर थांबला.
चार पाहुण्यांत माझ्यापासून हातभर लांब बसला.
वसईच्या एका लग्नात
जिलबी वाढणारी म्हातारी
आधी माझ्याकडे बघून, मग त्याच्याकडे बघून
त्याचं पान तेवढं वगळून पुढे गेली.
तो काही म्हणाला नाही.
पापड मोडत राहिला, बारीक, आणखी बारीक.
तिथे उठून मी ओरडायला हवं होतं.
नाही ओरडले.
पंगत बसली होती.

त्याला जाऊन तीन वर्षं झाली.

आता सिस्टर फोटो काढते, आधीचा म्हणून.
समोरून, डावीकडून, मान वर करून.
फॉर्म पुढे सरकवते, इथे सही.
'भाजण्याचं कारण' या रकान्यात
मला न विचारताच लिहिलेलं आहे:
स्टोव्ह.

मी डॉक्टरांचं निळं पेन मागून घेते.
खोडते. वर लिहिते: साखरेचा पाक.
जागा उरते, म्हणून पुढे:
लग्नाआधी सहा वर्षं.

सिस्टर म्हणते, एवढं लागत नाही.
मी म्हणते, असू दे.